खारू वाचायला लागली

सोमवार, ५ फेब्रुवारी

खारू वाचायला लागली! संध्याकाळी घरी येताना कोणाच्या तरी फाटकासमोर थबकली आणि खणखणीत आवाजात — "फाटकासमोर गाडी लावू नये. हवा सोडली जाईल." एक अक्षर चुकलं नाही. वर मलाच विचारते, "कोणाची हवा?"

साडेचार वर्षांची आहे. शाळेत अजून गमभन गिरवताहेत.

खरं तर तिला उचलून गरागरा फिरवायला हवं होतं. मी विचारलं, कोणी शिकवलं? "आजोबांनी." झालं. डोक्यात तिडीकच गेली.

आजोबा म्हणजे माझे बाबा. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. मग छापील फलक आले आणि धंदा बसला. त्यातले निम्मे फलक आता मीच करते, कॉम्प्युटरवर, दहा ते सहा. अकरा वर्षांची असताना त्यांचा ब्रश चोरून मी मागच्या भिंतीवर 'क्ष' काढला होता. काय देखणा आला होता! त्यांनी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकला. "मुलींनी शिडीवर चढायचं नसतं." आत्याच्या मुलाला मात्र हाताला धरून शिकवलं. तो आता विमा विकतो!

आणि आता नात. मांडीवर बसवून. वा, बाबा, वा!

मंगळवार, ६ फेब्रुवारी

नवऱ्याचा बोटीवरून फोन. बातमी सांगितली. "माझ्यावर गेली आहे." सहा महिने घरात नसतो आणि म्हणे माझ्यावर! फोन आपटावासा वाटला.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

शाळा बाराला सुटते. मी सहाला. मधले सहा तास बाबांचे. ते एकटेच राहतात, दोन गल्ल्या सोडून, आई गेल्यापासून. उपकारच आहेत त्यांचे. पण कधी बोलून दाखवत नाहीत, म्हणून जास्त राग येतो. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

आज आणायला गेले तर जिन्यात वरून आवाज — "एकोणतीस, तीस, एकतीस…" दोघं खाली उतरत होते. बाबांचं बोट खारूच्या मुठीत, आणि ती एकेक पायरी मोजत होती. चौतीसला जिना संपतो.

"चौतीसच्या पुढे काय गं?"

"पुढे रस्ता."

पस्तीस येतच नाही तिला! हसू आलं, दाबलं.

डावं-उजवं पक्कं येतं. मला अजून लिहायचा हात आठवावा लागतो. बसचे नंबर येतात. औषधांच्या बाटल्यांवरची नावं येतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख येते! म्हटलं, "बाबा, जरा खेळू द्या ना तिला."

"खेळतेच आहे की."

माझ्याकडे बघून बोलावं ना माणसाने. हल्ली ते माझ्या खांद्याशी बोलतात.

बुधवार, १४ फेब्रुवारी

शाळेतल्या बाईंनी बोलावलं. मला वाटलं, कौतुक असेल. होतं, पण शेपूट लावून. "हुशार आहे हो, पण फार दादागिरी करते." रांगेत शेजारच्या मुलाचा हात धरते आणि सांगत सुटते — पायरी आली, उजवीकडे बाक आहे, समोरून मोठ्या बाई येताहेत, रागावलेल्या आहेत. पोरं वैतागतात. "घरी कोणी फार शिस्तीचं आहे का?"

आहे ना! आहे एक!

वाटेत खारूला झापलं. "लोकांना काय डोळे नाहीत? तू कशाला सांगत बसतेस?"

ती वाटेतला खडा पायाने ढकलत चालली. मग म्हणाली, "सगळ्यांना असतात?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाजी घ्यायची होती.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. 

नव्या औषधाच्या दुकानाचा फलक केलाय मी. तयार टाइप नाही वापरला, सगळी अक्षरं स्वतः काढली, तीन दिवस बसून. शनिवारी छापून आला. बांधून न्यायच्या आधी बाबांना दाखवायला घेऊन गेले. का, ते देव जाणे. आजवर माझ्या प्रत्येक फलकाला नावं ठेवलीत त्यांनी — अक्षरं जाडबुडी आहेत, मात्रा सर्दी झाल्यासारख्या लोंबताहेत, एक ना दोन!

जमिनीवर पसरला. त्यांनी गुडघ्यावर बसून त्यावरून तळवा फिरवला. मागे झाले. म्हणाले, "छान. अक्षरं छान बसली आहेत."

जन्मात पहिल्यांदा! येताना मी खारूला दोन फुगे घेऊन दिले.

सोमवार, १९ फेब्रुवारी

'शुभारभ.'

अनुस्वार गायब! फूटभर उंचीचं अक्षर आणि डोक्यावर टिंब नाही. गिऱ्हाईक सगळ्यांसमोर ओरडलं. आमचा मालक त्याहून मोठ्याने ओरडला. चूक माझी, मान्य. तीन दिवस त्याच शब्दाकडे बघून बघून मला तो दिसेनासा झाला होता. पण बाबा! पलीकडच्या फुटपाथवरून दुसऱ्याची वेलांटी चुकलेली पकडणारा माणूस! लग्नाला जाताना रस्त्यात थांबून पाटीला शिव्या घालणारा माणूस!

म्हणजे त्यांनी पाहिलंच नाही. साधी तसदी घेतली नाही. पोरीची बोळवण करायची म्हणून तोंडदेखलं 'छान'. आणि मी फुगे वाटत फिरले!

आठवडाभर बोलायचं नाही त्यांच्याशी. खारूला खालूनच हाक मारायची.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांनी थांबवलं. "ताई, तुमची पोरगी म्हणजे सोनं आहे हो. आजोबांना काय जपून रस्ता पार करून नेते!"

"ते तिला नेतात," मी म्हटलं.

ते हसले. मग हसायचे थांबले. "त्यांना दिसत नाही ना आता… तुम्हाला माहीत असेलच."

"हो हो," म्हटलं. "माहीत आहे."

शनिवार, २४ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकली आणि बारा वाजता शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लपून उभी राहिले. चोरासारखी.

बाबा फाटकाशी उभे; येताना कोणीतरी हात धरून रस्ता पार करून दिला असणार. मुलं सुटली. ते कोणाकडेच बघत नव्हते, कान पुढे केलेला. खारू धावत आली, दोन्ही हातांनी त्यांचा हात पकडला. मग मोठा रस्ता. चार पदरी. तिथे मीसुद्धा देवाचं नाव घेते! ती कडेला उभी राहिली, मान इकडे, मान तिकडे. सत्तर किलोचा माणूस साडेचार वर्षांच्या मुठीत. आणि तिचा आवाज, रस्त्याच्या गोंगाटातून — "थांब. लाल बस. थांब. सायकल. अजून एक. आता! चल चल चल!"

मी कशी पोचले मला आठवत नाही. रस्त्यातच ओरडले. काय काय बोलले! गाड्या थांबल्या, लोक जमले. बाबा एवढंच म्हणाले, "हळू. पोरगी घाबरते." मी घाबरवते? मी?

घरी नेऊन विचारलं, कधीपासून.

"आठ महिने झाले असतील. कडेकडेने अंधार येत गेला. आता समोरचं मूठभर दिसतं. तेही धुरकट."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर हिला माझ्याकडे ठेवली असतीस?"

नसती ठेवली! अर्थातच नसती! कोणती आई ठेवेल? आणि म्हणून हे काय — माझ्या पोरीला काठी केलीत तुम्ही! अक्षरं शिकवलीत ती काय हौसेने? खडूने जमिनीवर काढून दाखवायचे म्हणे — हाताला पाठ आहेत, डोळे लागत नाहीत. औषधांची नावं वाचायला! बसचे नंबर वाचायला! मी इथे रोज लिहीत बसले, आज हे यायला लागलं, उद्या ते. ती चाकरी होती!

"चाकरी नव्हती गं," म्हणाले. "थोडीशी होती."

आणि खारू. खारू हमसाहमशी रडत होती. मला वाटलं, माझ्या ओरडण्याने. तिने त्यांचा सदरा धरला होता. "आजोबा, मी नाही सांगितलं! मी आईला नाही सांगितलं गुपित! शप्पथ!"

सोमवार, २६ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. "वेळेत आला असतात तर थेंबांवर थांबलं असतं." बाबा मान डोलावत होते, जणू दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. उरलंय तेवढं टिकवायचं आता.

मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही तपासून घ्या. हे घराण्यात उतरतं."

"मी दिवसभर अक्षरंच बघते," म्हटलं. "माझे डोळे ठणठणीत आहेत."

मंगळवार, २७ फेब्रुवारी

त्यांना अनुस्वार दिसला नव्हता. मला ते दिसले नव्हते. लिहून ठेवते, पण राग तसूभर कमी झालेला नाही.

शनिवार, २ मार्च

या सोमवारपासून खारू पाळणाघरात जाते. स्वच्छ आहे, खेळणी आहेत, भिंतींवर हत्ती आहेत. बाबांच्या कामाला सकाळ-संध्याकाळ एक बाई लावली. त्यांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही, असं बजावून सांगितलं. म्हणजे सगळं नीट झालं ना?

पोरगी वाचत नाही! पाटी दाखवून विचारलं, काय लिहिलंय? "माहीत नाही." साफ खोटं! जिना मुकाट उतरते. बस आली, नंबर विचारला, "तूच बघ ना." पाळणाघरातल्या ताई म्हणतात, किती शांत मुलगी! अहो, ती शांत नाही. ती संपावर आहे.

आज रागाच्या भरात तिचा दंड जोरात धरला. बोटं उमटली. तिने दंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या घरात एकटीच ओरडते मी.

गुरुवार, ७ मार्च

बाबांकडे डबा घेऊन गेले. खुर्चीत बसले होते, रेडिओसुद्धा लावलेला नाही. मी बडबडत होते — थेंब घातले का, बाई वेळेवर येते का. मग एकदम तोंडातून निघालंच. तेवीस वर्षांचं.

"मला का नाही शिकवलंत?"

"शिडीवरून पडलो होतो ना मी त्या वर्षी. गुडघा गेला. तुला कशी चढवू?"

"आत्याच्या मुलाला चढवलंत."

 खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"तो मुलगा होता," बाबा म्हणाले.

एवढंच. काही गूढ नव्हतं त्यात. मी इतकी वर्षं काहीतरी मोठं कारण शोधत होते. डबा ठेवला, निघाले. दारात होते तर म्हणाले, "डोळे दाखवलेस का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"राग माझ्यावर काढ. डोळ्यांवर कशाला काढतेस?"

दार आपटूनच आले. पण वेळ घेतली डॉक्टरीणबाईंची. मंगळवारची.

मंगळवार, १२ मार्च

पाळणाघराला सुट्टी, म्हणून खारूला घेऊनच गेले. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ माझ्या आधी तिनेच वाचून टाकली, मोठ्याने! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाई हसल्या. मग यंत्रात माझे डोळे पाहिले आणि हसू गेलं. डाव्यात सुरुवात आहे. वेळेत आलात, म्हणाल्या. रोज थेंब, जन्मभर. नजर टिकेल.

बाबांना कळलं तर म्हणतील, माझ्यामुळे. मला ते ऐकायचं नाही. दवाखान्याबाहेर खारूसमोर खाली बसले, तिचे हात हातात घेतले. म्हटलं, "हे आजोबांना सांगायचं नाही हं. आपलं दोघींचं गुपित."

लगेच मान डोलावली तिने. सवय आहे तिला.