मनोरा सोडून सर्व काही

मी, प्रेमला आप्पासाहेब हरगुडे, वय एक्क्याऐंशी, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण "आत्याला हल्ली काही कळत नाही" असे माझा भाचा संभाजी सोसायटीत सांगत फिरतो. मला कळते, हीच त्याची अडचण आहे.

१. वाघोलीची दहा गुंठे जमीन मला वडिलांकडून मिळाली. वाऱ्यावर वीज कुठे करता येईल हे आधी मोजून पाहावे, म्हणून १९८३ साली सरकारने तिथे लोखंडी मनोरा उभारला. जागा मी फुकट दिली. मांडव, बँड, मंत्री, कोनशिला, सारे झाले. दोन वर्षांत निधी बंद. मनोऱ्यावरच्या वारा मोजणाऱ्या यंत्राला तेल घालायला पैसे नाहीत, हे कळवणारे पत्र मात्र उत्तम जाड कागदावर आले. तेव्हापासून देखभाल मी पगारातून केली, पुढे पेन्शनमधून. संशोधनाला एकदाच पैसे देणे म्हणजे रोप लावून पाणी तोडणे, हे मी गावोगावच्या व्यासपीठांवरून घसा फोडून सांगितले. टाळ्या पडल्या. पाणी आले नाही.

२. ती कोनशिला संभाजीला. इतकी वर्षे गावाने तिच्यावर धुणे आपटले, तरी मंत्र्यांचे नाव अजून वाचता येते.

३. जमीन संभाजीला नाही. कारण लिहून ठेवते. या दिवाळीत तो पेढे घेऊन आला.

"आत्या, ती जमीन आमच्या प्रतिष्ठानला देऊन टाक. हवामान संशोधन केंद्र काढू. सरकारी अनुदान येतंय. तुझंच नाव देऊ."

"प्रतिष्ठानात शास्त्रज्ञ कोण?"

"ते बघू गं नंतर."

"अध्यक्ष कोण?"

"मीच."

संभाजी इमारती बांधतो. मी नकाशा मागितला. दोन मजले पार्किंग, वर फ्लॅट आणि प्रयोगशाळा जिन्याखाली. पेढे मी परत पाठवले.

४. ती जमीन, बिबवेवाडीचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक संभाजीची मुलगी उल्का हिला. पोरगी वाऱ्यावरच संशोधन करते. तिची सरकारी शिष्यवृत्ती गुढीपाडव्यापासून आलेली नाही. "आत्याआजी, मी कंपनीत नोकरी धरते," म्हणाली. धरू नये. मात्र यातून सरकारची सुटका झाली, असे कोणी समजू नये. नातेवाईक पोसतात म्हणून राज्याचे कर्तव्य संपत नाही. थकलेली शिष्यवृत्ती उल्काने मागत राहावी, लाजू नये. तो पैसा लोकांचा आहे आणि वादळ येते तेही लोकांवरच.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. दिगंबर पेंडसे, सदाशिव पेठ, यांनी करावी. हे माझे स्नेही नव्हेत. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला हे पहिल्या रांगेत बसत आणि शेवटी हात वर करीत. "बाई, संशोधनाला पैसे द्या म्हणता. दिल्यावर बघणार कोण?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षे झोंबला, कारण तो बरोबर होता. तेव्हा आता बघणार तेच. दरवर्षी त्यांनी वाघोलीला जावे आणि काय मोजले, कशावरून खरे, हे उल्काला विचारावे. ती माझी लाडकी आहे म्हणून सूट देऊ नये.

६. इथवरचा मसुदा मी त्यांना वाचायला दिला. त्यात मनोराही उल्काच्या नावे लिहिला होता. त्यांनी चष्मा काढला.

"अहो बाई, मनोरा सरकारचा. तुम्ही तो देणाऱ्या कोण?"

"इतकी वर्षं रंग मी देतेय त्याला!"

"रंग तुमचा. मनोरा सरकारचा."

रात्रभर विचार केला आणि सकाळी ती ओळ आनंदाने खोडली. म्हणून शेवटचे कलम असे: मनोरा मी कोणालाही देत नाही. तो जनतेचा आहे. उद्या लाडीगोडीने किंवा दमदाटीने संभाजीने लेकीकडून जमीन घेतलीच, तरी मनोऱ्याचा एक बोल्ट काढायलाही त्याला सरकारची लेखी परवानगी लागेल. ती कोणत्या खात्याची, हे पंचाऐंशी सालापासून विचारूनही मला कोणी सांगितलेले नाही. ती मिळेपर्यंत उल्का प्राध्यापक होऊन निवृत्त झालेली असेल.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, पेंडसे यांनी तीनदा तपासला. त्यानंतरच दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

प्रेमला आप्पासाहेब हरगुडे

साक्षीदार: अनंत गोपाळकृष्ण बापट, शेजारी
साक्षीदार: तुळजाबाई मच्छिंद्र काळभोर, निवृत्त मुख्याध्यापिका

पुणे, ११ डिसेंबर २०१९