आमच्या अंगणातली भुताटकी

३ ऑक्टोबर
निर्णय झाला. यंदाच्या हॅलोविनला आमचं अंगण अख्ख्या गल्लीची बोबडी वळवणार. गेल्या वर्षी खाऊ मागायला पोरं आली चार. त्यातलं एक शू करायला. अर्थात मी सातलाच दारातला दिवा घालवला होता, टीव्हीवर मॅच होती. दिवा बंद दिसला की पोरं पायरी चढत नाहीत, फार सोयीचं आहे. समोरच्या ऑस्टरमनकडे मात्र आठपर्यंत रांग. का? तर तो चॉकलेटची अख्खी वडी देतो. निव्वळ लाचखोरी! मी कलेने जिंकणार.

४ ऑक्टोबर
कोरीनला बेत सांगितला. म्हणाली की बाबा, प्लीज नको. मग म्हणाली, बरं कर, पण मैत्रिणींसमोर लाज आणू नकोस. मी त्यांना शेवटी आपल्याकडेच आणते. थोडक्यात, आनंदाने वेडी झालीय. बारा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी खाऊ मागत हिंडणार नाही म्हणते. म्हणजे ही शेवटची संधी. तिने चारचौघींत म्हणायला हवं, हे माझ्या बाबांनी केलंय. बाकी माझी काही अपेक्षा नाही.

९ ऑक्टोबर, सकाळ
रोज दोन तास काम. बारा थडगी, शवपेटी, सांगाडा, धूर. वेळापत्रक फ्रिजवर लावलं.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
वेळापत्रक करण्यातच दमलो. उद्यापासून.

१९ ऑक्टोबर
थडगी झाली. चार. बारांची गर्दी दिसली असती. स्प्रेच्या रंगाने थर्माकोल विरघळतं, हे डब्यावर इतक्या बारीक अक्षरात का लिहितात? मार्लिस म्हणाली की ही थडगी कमी आणि उंदरांनी कुरतडलेले पाव जास्त वाटतात. बायको असून असं बोलते. थडगी जुनीच असतात.

२६ ऑक्टोबर
तळघरातल्या कपाटाची शवपेटी केली. आता रजया कुठे ठेवू, असं मार्लिस विचारत होती. कलावंताला असले प्रश्न!
ऑस्टरमनकडून शिडी आणली. म्हणाला की गॉर्डन, मदत लागली तर हाक मार रे. सरळसरळ हेरगिरी. त्याच्या अंगणात एकच भोपळा, तोही हसरा.

२९ ऑक्टोबर
सांगाड्याचा उजवा पाय कुत्र्याने पळवला. लंगडा सांगाडा जास्त भयानक दिसतो.

३१ ऑक्टोबर, दुपारी ४
सगळं तयार. ऐन वेळी सुचलेली कल्पना: मिट्ट काळोख! दारातला दिवा सगळी मजा घालवतो. मार्लिस म्हणाली, अरे, दिवा घालवलास तर... तिला तिथेच थांबवलं. वातावरण म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत नाही. खाऊचं घमेलं घेऊन मी शवपेटीत.

६.२०, शवपेटीतून
धूर उत्तम. मलाच अंगण दिसत नाही. आवाजावरून ऑस्टरमनकडे रांग लागलीय. आमच्याकडे बघून घाबरलेली पोरं तिकडे गेली असणार.

६.५५
अजून एकही नाही. म्हणजे भीती अपेक्षेपेक्षा जास्त बसलीय. पाठ आखडली. सहा चॉकलेटं खाल्ली, दर्जा तपासायला.

७.३०
कुंपणापाशी मुली! एक म्हणाली की इथे तर दिवाच नाही. मग कोरीनचा आवाज: हो, बंद आहे, चला. उडी मारायला मी योग्य क्षणाची वाट बघत होतो. योग्य क्षण निघून गेला. कोरीन मुद्दाम उत्सुकता ताणतेय. येतील परत.

८.०५
पावलं! किंचाळत उठलो. ऑस्टरमन. शिडी न्यायला आला होता. म्हणाला की अरे, तू घरीच होतास? दिवा बंद बघून मी सगळ्या पोरांना सांगितलं, तिकडे कोणी नाहीये.

१ नोव्हेंबर
नाश्त्याला कोरीनने ताटली बाजूला सारली. मग म्हणाली की बाबा, मी दोन आठवडे वर्गात सांगत होते, माझ्या बाबांनी केलंय म्हणून. सगळ्यांना घेऊन आले तर दिवा बंद. वाटलं, गेल्या वर्षीसारखी तुझी मॅच असेल.
मी तिथेच होतो, तुझ्यापासून दहा पावलांवर, पेटीत, असं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. फार वाईट वाटलं.

सकाळी १०
दारातला दिवा लावला. राहू दे जरा वेळ.