शनिवारचा शेवटचा तास

अण्णा,

आज दुपारी कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर तुम्ही पुन्हा विचारलंत. मी ओट्यापाशी उभी राहून उद्याच्या तासाचं वाचत होते, तुम्हाला वाचून दाखवायचे तसंच, एक वाक्य डोळ्यांनी इंग्रजीत आणि लगेच तेच तोंडानं मराठीत. मागं खुर्ची सरकल्यासारखं झालं, तुमचं ते घसा खाकरणं झालं, आणि मग नेहमीचंच, "त्या बिचाऱ्याचा नंबर लागला का, माय?" मी वळून पाहिलं नाही. पूर्वी पाहायचे. रिकामी खुर्ची पाहिली की दिवसभर काही सुचायचं नाही, म्हणून आता पाहत नाही. लातूरच्या या घरात तुम्ही जिवंतपणी एकदाही आला नाहीत, तरी स्वयंपाकघर कुठं आहे ते तुम्हाला बरोबर कळतं, याची मला भीती वाटते आणि बरंही वाटतं.

तुमचे डोळे साखरेनं गेले ते मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना. जन्मभर वाचण्यावर जगलेला माणूस एका उन्हाळ्यात पुस्तकांवरून नुसता हात फिरवत बसू लागला. आई पेपर वाचून दाखवायची, पण तिचा सगळा जीव निधनवार्तांमध्ये, तिथून ती पुढं सरकायचीच नाही. शेवटी कंटाळून तुम्ही मला म्हणालात, तू जे वाचतेस तेच मोठ्यानं वाच. मी सांगितलं की माझं पुस्तक कॉम्प्युटरच्या पोटातलं आहे. त्यात कर्नेल म्हणून एक प्रोग्राम असतो, मशीनवर चाललेल्या सगळ्या कामांना जागा, वेळ आणि परवानगी वाटून देणारा, त्याचं आहे, आणि तेही इंग्रजीत. तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. मला आता सगळंच अंधारातलं, त्यात हे एक, असं म्हणून हसलात. वरच्या वर्गातल्या मुलीनं दिलेलं, मुखपृष्ठ फाटलेलं ते जाडजूड पुस्तक घेऊन मी तुमच्या खाटेशी बसले.

तुमचा नियम एकच. इंग्रजी शब्द आला की तुमचं बोट वर जायचं, आणि तुम्हाला समजेल असं मी मराठीत सांगेपर्यंत पान उलटायचं नाही. मी चिडायचे. घोकलेली व्याख्या कॉलेजात खपून जायची, तुमच्यापुढं ती दुसऱ्याच प्रश्नाला लंगडी पडायची. एकदा मी वैतागून म्हटलं की हा भाग परीक्षेला नाही, सोडून देऊ. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "परीक्षा तुला हाय, मला न्हाई. माझं वाच." त्या दिवशी मी तोंड फुगवून वाचलं, पण वाचलं. आणि खरं सांगते, मला कर्नेल कळलं ते त्या खाटेच्या कडेला बसून.

शेड्यूलरचं प्रकरण आलं तेव्हा तुम्ही उठून बसलात. प्रोसेसर एक, त्याच्यावर चालू पाहणारी कामं ढीगभर, आता कोणाला चालवायचं हे शेड्यूलर ठरवतो, असं मी सांगत होते, तर तुम्हीच मला सांगायला लागलात की म्हणजे वर्ग एकच आणि मास्तर लई. हदगावच्या शाळेत दर जूनमध्ये वेळापत्रक तुम्हीच करायचात, त्यामुळं हे तुमच्या घरचंच काम निघालं. घंटा कोण वाजवतो, तुम्ही विचारलंत. टायमर, मी म्हटलं. एकाचा तास अर्ध्यात थांबवून दुसऱ्याला आत घेतलं तर पहिल्यानं फळ्यावर लिहिलेल्याचं काय होतं? मी म्हटलं, कर्नेल तो फळा जसाच्या तसा जपून ठेवतो, पहिला परत आला की त्याचं अर्धं वाक्य त्याला तिथंच सापडतं. तुम्ही इतके खूश झालात की आईला हाक मारून चहा टाकायला सांगितलंत.

चहा यायच्या आत पुढचं पान आलं. महत्त्वाची कामं पुढून येतच राहिली तर मागं उभ्या असलेल्या कामाचा नंबर लांबत जातो, कधीकधी लागतच नाही. पुस्तकात त्याला जो शब्द होता त्याचं मी मराठी केलं, उपासमार. तुमचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. मी समजावू लागले की यावर उपाय असतात, मागं राहिलेल्याला हळूहळू पुढं सरकवतात, पण या पुस्तकातला शेड्यूलर कोण घाईत आहे याचे अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की एखादा तसाच खोळंबतो. तुमच्या हातातला चहा निवून गेला. आई कप घेऊन गेली, तेही तुम्हाला कळलं नाही.

मग तुम्ही मला चित्रकलेच्या सरांचं सांगितलंत. तुमच्यापेक्षा लहान, अबोल माणूस. दर जूनमध्ये ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे आणि यंदा तरी शनिवारचा शेवटचा तास नको, एवढंच म्हणायचे. शनिवारी शाळा सकाळची. शेवटच्या तासाला खेड्यावरची सगळी पोरं एसटी गाठायला पळायची, कारण ती चुकली तर थेट संध्याकाळची. गणित-इंग्रजीला चांगले तास द्यावेच लागायचे, हेडमास्तरांचा तसा आग्रह असायचा, मग उरलेला तास चित्रकलेला. एका शनिवारी तुम्ही खिडकीतून पाहिलंत. बाकं रिकामी, आणि सर रंगीत खडूनं फळ्यावर सीताफळ काढत होते, एकेक डोळा, खालची सावली, सगळं. घंटा झाली, त्यांनी फळा पुसला आणि हात झटकत बाहेर आले. तुमच्याकडं पाहून नेहमीसारखा नमस्कार केला.

सांगताना तुम्ही भिंतीकडं तोंड केलं होतंत. "म्हणलो, पुढच्या जूनला बघू. जूनच्या आधीच गेला तो, माय. तापाचं निमित्त झालं. कुणाला तरी मागं ठेवावंच लागतं, असं मी म्हणायचो. ते खरं बी हाय. पण दर साली तोच काहून?" मी पुस्तक मिटलं.

त्यानंतर प्रकरण कुठलंही असो, मेमरीचं असो की फायलींचं, वाचून संपलं की तुम्ही मागं खोळंबलेल्या त्या कामाचीच चौकशी करायचात. त्या बिचाऱ्याचा नंबर लागला का? सुरुवातीला मी हसायचे. पुढं हसू येईनासं झालं. मी शेवटचं पान वाचलं, परीक्षा झाली, लातूरला कॉलेजात नोकरी लागली, आणि तुम्ही नांदेडच्या दवाखान्यात पडलात. ती दुपार माझ्यापुढून हलत नाही. तुमच्या नाकात नळी आहे, मी उशाशी बसले आहे, बाहेर कुणीतरी डबा धुऊन राहिलंय. तुम्ही माझं मनगट धरता आणि विचारता, त्याचं काय झालं? कामाचं विचारताय की सरांचं, ते मला कळत नाही. मी सांगते की पुस्तकात पुढं काही नाही. तुम्ही मान हलवता, कळलं म्हणून की पटलं नाही म्हणून, आणि मग डॉक्टर येतात आणि मला बाहेर जायला सांगतात.

तुम्ही यायला लागलात ते तेरावं झाल्यावर, मी पहिल्यांदा एकटी मोठ्यानं वाचायला बसले तेव्हा. मला मनातल्या मनात वाचून काही कळतच नाही, अण्णा, ती खोड तुमचीच. मुलांना काही शिकवायचं तर आधी घरी मराठीत बोलून पाहावं लागतं, आणि बोलायला लागलं की तुम्ही येता. नवऱ्यानं सुरुवातीला एकदोनदा विचारलं की कुणाशी बोलून राहिलीस. मी म्हटलं, अभ्यास करते. तो भला माणूस आहे, त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण मी वाचत असले की तो बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो.

गेल्या महिन्यात कॉलेजात नवा अभ्यासक्रम आला आणि मला नवं पुस्तक घ्यावं लागलं. तुम्ही शिकलात तो शेड्यूलर कर्नेलमधून केव्हाच काढून टाकला आहे. हे माझ्या कानावर होतं, पण त्या प्रकरणाला हात लावायची हिंमत होत नव्हती. शेवटी ते वाचलं स्टाफरूममध्ये, चारचौघांत, तोंड मिटून, पुन्हा पुन्हा मागं जाऊन. नवा शेड्यूलर कोण घाईत आहे याचे अंदाज बांधत बसत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ यायला हवा होता आणि किती आला, ते तो सतत पाहतो. ज्याला वाट्यापेक्षा जास्त मिळून गेलं तो थांबतो. ज्याचं मिळायचं राहिलंय तो पुढं यायला पात्र ठरतो, आणि अशांतून ज्याची मुदत आधी भरते त्याला आत घेतात. तालेवाराचा वाटा मोठा असतो, पण तो घेऊन झाला की त्यालाही बाजूला व्हावं लागतं. मागं कुणीतरी राहतोच, पण दर वेळी तोच राहत नाही. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. शेजारच्या मॅडमना वाटलं डोकं दुखतंय, त्यांनी बाम पुढं केला.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगायचंच ठरवून घरी आले. ओट्यापाशी उभी राहिले, पुस्तक उघडलं, ते पान काढलं, आणि तोंडच उघडेना. उत्तर मिळाल्यावर माणूस पुन्हा विचारायला कशाला येईल, हा विचार आला आणि मी पान उलटलं. तेव्हापासून रोज दुसरीच प्रकरणं मोठ्यानं वाचते. तुम्ही निमूट ऐकून घेता आणि शेवटी तेच विचारता. आज तुमचा आवाज थकलेला होता, दवाखान्यात होता तसा. इतकी वर्षं तो तसा नव्हता. मी तुम्हाला ताटकळत ठेवलंय, हे मला कळतं. तुम्ही सरांना पुढच्या जूनवर टाकलंत आणि मरेपर्यंत झुरलात. मी तुम्हाला रोज उद्यावर टाकते, आणि वाईट वाटायच्या आधी तुम्ही आलात याचंच मला बरं वाटतं. माझं मन असं आहे, अण्णा. मला तुम्ही सुटायला नको आहात.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं म्हणजे पाकीट लागत नाही की पत्ता. डोळे गेल्यापासून तुमच्यापर्यंत जे पोचलं ते माझ्या आवाजानंच पोचलं, तेव्हा हेही नुसतं मोठ्यानं वाचलं की झालं. नवरा गावाला गेलाय, घरात कुणी नाही, खुर्ची माझ्या मागंच आहे. लिहिलेलं सगळं आत्ता एकदा पहिल्यापासून वाचून काढलं. ओठ हलू दिले नाहीत.