सुभेदारांच्या बंदुकांची न केलेली वाटणी

मी, सत्यशीला नारायण ढोमणे, वय ६८, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असे आता कोणी उरलेलेही नाही. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. शेजाऱ्यांना विचारले असते तर ‘नको तितकी शाबूत’ असे लिहून मिळाले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व त्याखालील जागा माझा भाचा तेजस यास द्यावी. तो हिंजवडीच्या कंपनीत असतो आणि वर्षातून दोनदा मला भेटतो, त्यातली एक भेट बिल्डरला सोबत घेऊन. घर पाडून फ्लॅट होणार हे मला माहीत आहे. माझी हरकत नाही. फक्त किल्ली घ्यायला त्याने स्वतः यावे, कुरियर पाठवू नये. व्यवस्थापक म्हणूनही त्यालाच नेमते, म्हणजे निदान हे पाच कागद तरी तो मराठीत वाचील.

२. पोस्टातली शिल्लक कांताबाईंना द्यावी. माझा स्वयंपाक आणि माझा स्वभाव दोन्ही त्यांनी सांभाळले.

३. काळा टेलिफोन समोरच्या सोसायटीचे चेअरमन रावसाहेब यांना द्यावा. मी बंदुका बाळगते अशी तक्रार पोलिसांकडे करायला ते माझ्याच घरी फोन करायला येत, कारण त्यांच्या फोनचा अर्ज अजून मंजूर झाला नव्हता. मी त्यांना नंबर फिरवून देत असे. पुढे त्यांच्याकडे मोबाईल आला आणि आमचे येणे-जाणे थांबले. घरात एकही काडतूस नाही हे मी त्यांना कधी सांगितले नाही. माझ्या फाटकासमोर गाडी लावणे त्यांनी आपोआप बंद केले होते, ते पुन्हा सुरू झाले असते.

४. आता मुख्य विषय. माझ्या ताब्यात एक दुनळी बंदूक व एक रिव्हॉल्व्हर आहे. दोन्ही कै. सुभेदार जयसिंग धुमाळ यांची. ही जागा मी त्यांच्याकडूनच घेतली आणि मग उरलेले आयुष्य त्यांची शेजारीण म्हणून काढले. रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर चहाला येत. सरकारवर, चहावर आणि माझ्या वऱ्हाडी तिखटावर टीका करत आणि दुसरा कप मागत. लोक जे बोलले ते खरे नव्हते. खरे असते तरी मला वाईट वाटले नसते.

त्यांना तीन मुले. थोरली मैना, मग विश्वजीत, मग संभाजी. जमिनीला बिल्डरचा भाव आला तेव्हा भावांनी आधी मैनाकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. घरचा कागद आहे असे सांगितले आणि एक साडी दिली. मग दोघे रस्त्याच्या कडेच्या तुकड्यावरून एकमेकांत भांडले. एकदा विश्वजीतने भिंतीवरची दुनळी खाली काढली. सुभेदार मध्ये उभे राहिले म्हणून निभावले. त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही.

मी म्हटले, “अहो, दोन मुलं, दोन हत्यारं. एकेकाला एक द्या आणि मोकळे व्हा.”

ते म्हणाले, “बाई, गावबी तेच म्हणतंय. वाटणी सोपी हाय, म्हणून तर झोप लागत नाय.”

त्यांनी काडतुसे सरकारजमा केली आणि मृत्युपत्रात दोन्ही शस्त्रे माझ्या नावे लिहिली. दिवाळीत लवंगी माळेला घाबरून मी दार लावून बसते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. माझी पात्रता तीच होती. १९९५ साली ते वारले. परवान्याच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारले, “बंदुका कशाला हव्यात?” मी म्हटले, “कोणी वापरू नयेत म्हणून.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि रकान्यात ‘आत्मसंरक्षण’ लिहिले.

निवडणूक लागली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. दिल्लीत सरकारे पडत होती त्या काळात सुभेदारांच्या बंदुका माझ्या घरी कमी आणि ठाण्यात जास्त राहिल्या. सराईत चोरालाही इतका मुक्काम घडला नसेल.

५. पहिल्या वर्षी खंडेनवमीला विश्वजीत दारात आला. बापाच्या हत्याराची पूजा चुकवायची नाही, म्हणाला. पाठोपाठ संभाजीही झेंडूची फुले घेऊन आला. कोणीच परत जाईना. मी दोघांना आत घेतले, पेटीतून बंदुका काढून पाटावर ठेवल्या आणि पाटाच्या दोन बाजूंना दोघांना बसवले. तेव्हापासून दरवर्षी हेच. एरवी एका गल्लीत राहून ते एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. इथे एका ताटातले कुंकू घेतात, बोलत मात्र नाहीत. सुभेदारांना वाटले होते की या बंदुका पोरांना एकमेकांच्या जिवावर उठवतील. झाले उलटेच, आणि मला त्याचा आनंद होतो. हे त्यांना सांगायला मिळाले नाही, याचे फार वाईट वाटते.

मी गेल्यावर हे थांबेल. बंदुका एका भावाला दिल्या तर दुसरा येणार नाही. दोघांना एकेक दिली तर कोणीच कोणाकडे जाणार नाही. आणि परवाना मिळाला की काडतुसे बाजारात मिळतात, राग तर घरचाच आहे. तेजस म्हणतो, “मावशी, गन मला दे ना, वॉलवर मस्त दिसेल.” भिंतीवर कशी दिसते ते आम्ही एकदा पाहिले आहे.

६. म्हणून दोन्ही शस्त्रे मैना हिला द्यावीत. ती कात्रजला असते, भाऊबीजेला तिच्याकडे कोणी जात नाही. तिचा परवाना होईपर्यंत शस्त्रे ठाण्यात ठेवावीत. त्यांना तिथली सवय आहे. बंदुका कधीही वेगळ्या करू नयेत. खंडेनवमीला दोघे भाऊ आल्याशिवाय पेटी उघडू नये. एकटा आला तर त्याला चहा द्यावा आणि बंद पेटी दाखवावी. सलग दोन वर्षे दोघे आले नाहीत तर शस्त्रे नष्ट करण्यासाठी सरकारजमा करावीत. मैनाला विचारले तेव्हा ती आधी हसली. म्हणाली, “जमीन नको म्हणून सही घेतली, आता बंदूक हवी म्हणून घ्या.” मग डोळे पुसून म्हणाली, “दोघं दारात येणार असतील तर तोफबी ठेवीन घरात.”

या मृत्युपत्राने ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हावे, असे वकिलांनी सांगितले. असे दोघे आत्ता बाहेरच्या खोलीत पूजा आटोपून, दोन खिडक्यांतून बाहेर पाहत बसले आहेत. त्यांना बोलावून सर्व मजकूर वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

सही: सत्यशीला नारायण ढोमणे

साक्षीदार:
१. विश्वजीत जयसिंग धुमाळ
२. संभाजी जयसिंग धुमाळ

स्थळ: कर्वेनगर, पुणे
खंडेनवमी, शके १९२६ (ऑक्टोबर २००४)

ता. क. सर्व वाचून झाले. मग विश्वजीत म्हणाला, “अक्कानं दारातच उभं केलं तर?” मी म्हटले, “करील. थोडा वेळ उभे राहा.” त्याने सही केली. संभाजीने खिसे चाचपले, आणि भावाकडे न बघता त्यालाच विचारले, “पेन हाय का?” विश्वजीतने आपले पेन दिले. संभाजीने सही करून ते स्वतःच्या खिशाला लावले आणि तो निघून गेला. विश्वजीतने पाहिले, पण मागितले नाही. सदर पेन विश्वजीतचे असून संभाजीकडे आहे. पुढे त्यावरून वाद होऊ नये म्हणून नोंद केली.