करंगळीच्या मापाचं क्लॅरिनेट

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? भावजींचा खोकला थांबला का? (नसेल तर निदान तालात तरी येतो का, ते कळव.)

इकडे सध्या धातूच्या जुन्या क्लॅरिनेटवरून रणधुमाळी चालू आहे. आणली तीनच, पण तुझी भावजय बाहेर घरभर झाली म्हणून सांगते. पहिल्याचा फोटो पाहून मी हुरळलो. काय तो चांदीचा मुलामा! पार्सल उघडतो तर पोटातून वायर आणि माथ्यावर बल्बचा होल्डर. कुणा दीडशहाण्याने त्याचा टेबललॅम्प केलेला. (संग्राहक म्हणे अशा चकचकीत मुलाम्यावर जीव टाकतात.) भावजय आता त्याच्याच उजेडात पेपर वाचते आणि घरातलं एवढं एकच वाद्य कामाचं आहे, असं मला ऐकवते. दुसरं दुहेरी पत्र्याचं, नळीत नळी बसवलेलं. हातात जड, आवाज थेट लाकडी क्लॅरिनेटसारखा भरीव. वाजवणाऱ्याने डोळे मिटून हेच घ्यावं, कारण डोळे उघडले तर मुलामा पार उडालेला दिसतो.

आणि तिसरं एकेरी पत्र्याचं, आपले अण्णा वाजवायचे त्या बँडमध्ये असायचं तसलं. गार असताना सुरात खाली रेंगाळतं, फुंकून तापलं की वर पळतं. संग्राहक नाक मुरडेल, वादक हात जोडेल. मी मात्र तेच मांडीवर घेऊन बसतो. अण्णा पायरीवर बसून तुला शिकवायचे आणि मी नळी पुसायचा फडका धरून तुमच्याकडे बघत बसायचो, आठवतं? मग बँड मोडला, वाद्यं बँडच्या मालकाकडे परत गेली, तू सासरी गेलीस आणि घर मुकं झालं. त्या आवाजासाठी अजून जीव तुटतो गं.

भावजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा,
फडकेवाला भाऊ

ता. क. आवाजाबद्दल वर जे छातीठोकपणे लिहिलंय, ते दुकानदाराचं मत आहे. पुढचे दात गेल्यापासून मला साधी शिट्टी वाजत नाही.

आणखी ता. क. तिसऱ्याची डाव्या करंगळीची चावी आत वाकवून तिला पितळेचा तुकडा डाख देऊन जोडलाय. तुझं बोट पोचत नव्हतं म्हणून अण्णांनी अस्संच केलं होतं आणि मालकाची बोलणी खाल्ली होती. असे बाप आणखीही असतील म्हणा. खरं काय ते तुझ्या करंगळीलाच कळेल. तिला घेऊन ये, ताई. फडका धुऊन ठेवलाय.