बिनअक्षराची पुडी

५ जाने.
मी सांगते, तू लिही सई. नातीला पगार गुडगावचं ऑफिस देतं, काम मी करून घेते.
आज जिन्यानं उतरले. लिफ्ट चालू असताना, हौस म्हणून. खाली बाकावर शेजारची कमलाजी. "देखा बहनजी? मैंने बोला था ना!" तिच्याच पुडीचा गुण. दिवाळीत तिला चकल्या पाठवल्या, तर रिकामी वाटी कशी परत द्यायची म्हणून तिनं त्यात पुड्या घातल्या. करोल बागेतल्या वैद्याच्या. पिवळट भुकटी, सकाळी दुधातून. तेव्हापासून वाटी फिरतेय. इकडून चिवडा, तिकडून पुड्या. गुडघे गप्प. भूक मात्र अशी की सुनेनं डबे वरच्या फळीवर नेलेत.

८ जाने.
संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला. दरवर्षी सगळे काला अंबच्या स्मारकापर्यंत चालत जातात, मी बसमध्ये पिशव्या राखते. यंदा चालणार.
सुहास म्हणाला, "आई, तोंड सुजलंय तुझं." म्हटलं, सुजलं नाही, भरलंय. सासरी राहून गेलं ते लेकाच्या घरी झालं. दंडावर निळे डाग पडतात, ते नाही सांगितलं.

११ जाने.
नेलंच डॉक्टरकडे. पोरगीच आहे. "कौन-सी दवा लेती हैं?" देसी. "किसकी बनाई हुई?" पुडी पुढे केली. कागद कोरा. आत काय, कुणी केलं, कधीपर्यंत चालेल, काही नाही. कायद्यानं छापावं लागतं म्हणाली. म्हटलं, मग ही माझ्यासारखीच, बिनअक्षराची. हसली नाही. साखर वर, बीपी वर. तिचा अंदाज, वैद्यानं आत स्टेरॉइड कुटून घातलंय.
सुहास म्हणाला, आजपासून बंद. डॉ. त्याच्यावरच ओरडली. तसलं काहीतरी शरीर आत स्वतः बनवतं. बाहेरून आयतं मिळालं की आतला कारागीर झोपतो. आयतं एकदम बंद केलं आणि तो उठलाच नाही, तर माणूस कोसळतं. म्हणून गोळ्या लिहून दिल्या, हळूहळू कमी करायच्या. स्ट्रिपवर लाल रेघ. केमिस्टनं चिठ्ठी बघितल्याशिवाय हात लावला नाही. इतके दिवस हेच मी चिवड्याच्या बदल्यात खात होते.

१२ जाने.
सुहास औषध निरीक्षकाकडे तक्रार करणार. उरलेल्या पुड्या नमुना म्हणून कपाटात. "कुणी दिल्या?" आठवत नाही म्हटलं. "आई, बत्तीस सालची भांडणं तुला तोंडपाठ आहेत." तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण मुद्दा कळला.
वैद्य कमलाजींचा जावई आहे. लेक त्याच्या घरात. कसं सांगू?
सईला ठाऊक आहे, लिहिते तीच. या वहीतलं बाहेर बोलायचं नाही, हे ठरलेलं.

१४ जाने.
काला अंब. अर्ध्या वाटेत गुडघे बोलायला लागले. इथे मोठेमोठे पडले, मी नुसती बसले. तिळगूळ वाटला. क.जींसाठी वेगळा बांधून आणला.

१७ जाने.
क.जी बाकावर नाही. वर गेले. पलंगावर, तोंड माझ्याहून गोल, रंग पांढराफटक. निरीक्षक फिरतायत ऐकून जावयानं घाबरून दुकान बंद केलंय, पुड्या संपल्या. "परसों से नहीं ली. उल्टियाँ, उठा नहीं जाता."
आतला कारागीर.
मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. "पूछेगी किसकी दवा है. बेटी का घर है, बहनजी."
म्हटलं, किसकी ते मागाहून. क्या खाया, वो बोलने का. नाहीतर मी बोलेगी.
सईला फोन. सईनं डॉ.ला. हॉस्पिटल, आत्ताच. गाडीत क.जी माझा हात धरून, आणि शिव्याही मलाच.

१८ जाने.
सलाइन, इंजेक्शन. वेळेत आलात म्हणाले. आज उठून बसली, चहा बेकार आहे म्हणाली. म्हणजे बरी आहे.
सुहास समोर खुर्ची ओढून बसला. "आता तरी सांग. बंद झालेलं ते दुकान कुठलं? तिथे रांग असणार, आई. त्या सगळ्यांनीही पुड्या एकदम बंद केल्या असतील." सई मान खाली घालून. तोंड उघडलं नाही पोरीनं. एवढं इमान कुठून आलं हिच्यात, माझ्याकडून तर नाही.
म्हटलं, उद्या सांगते.
क.जींची वाटी माझ्याकडेच आहे, घासून ठेवलीय. सकाळी मऊ भात-तूप नेते, वर तो तिळगूळ. तिला विचारणार, जावयाचं नाव तू सांगतेस की मी सांगू?
वाटी ती रिकामी परत देणार नाही. काय घालते, बघू.