लुटलेलं वाण

दिल्ली, २ फेब्रुवारी १९६६

तीर्थरूप आईस हरिहरचा दिल्लीहून दंडवत.

माझं इथे बरं चाललं आहे. थंडी ओसरली, खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

धाकट्या सिंधूचं पत्र आलं. मी पाठवलेल्या संकरित बियाण्याच्या ज्वारीची कणसं पाहून म्हणे सारं वलगाव भुललं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू तेच दाणे पसापसा लुटलेस. "माह्या पोरानं धाडलेलं वाण हाय, पेरजा बायांनो!" वाचून लगेच हे लिहायला बसलो.

आई, ते दाणे खायचे, पेरायचे नाहीत. संकराचा जोर एकाच पिकापुरता असतो. पुन्हा पेरलं तर ज्वारीचं एक ताट बुटकं, एक उंच, कणीस भरलं तर भरलं. बी दरसाल नवंच विकत घ्यावं लागतं. पिशवीवर तसं छापलं होतं, पण इंग्रजीत.

आमच्या शेतकी संस्थेतले साहेब म्हणतात, उपासमार संपेल, उद्या माणसाची जातही अशीच सुधारू. मीही टाळ्या वाजवायचो. आता वाटतं, मग बियासारखी पोरंबाळंही यांच्याच दारात मागायची का?

दिलेलं वाण परत मागत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी घरोघरी जाऊन माग.

आणि आपलं स्वतःचं वाण, आजोबांपासूनची गावरान ज्वारी? सिंधू लिहिते, नवं आलं म्हणून तू जुनं बी सगळं दळून टाकलंस. कणगीच्या तळाशी हात घालून बघ. मूठभर तरी असेल.

नसलं, तर मला कळवू नकोस.

तुझा
हरिहर